सहा वर्षं उशिरा आलेला कायदा

28 ऑक्टोबर 2011 रोजी दक्षिण कोरियाच्या संसदेत एका दुरुस्ती विधेयकावर मतदान झालं. बाजूने 207, विरोधात शून्य, तटस्थ एक. ही संसद काही एकमतासाठी ओळखली जात नाही. पुढे महिना उलटायच्या आत याच सभागृहात, अमेरिकेबरोबरच्या व्यापार कराराला विरोध म्हणून, एका खासदाराने अश्रुधुराची नळकांडी फोडली. या विधेयकाला मात्र कुणीही विरोध केला नाही. अपंग स्त्रिया आणि 13 वर्षांखालची मुलं यांच्यावरच्या बलात्काराच्या गुन्ह्याला कालमर्यादा राहणार नव्हती आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाणार होती. विधेयकाचं अधिकृत नाव लांबलचक होतं. लोक त्याला ‘दोगानी कायदा’ म्हणू लागले.

‘दोगानी’ हा चित्रपट. जगभर तो ‘सायलेन्स्ड’ या इंग्रजी नावाने गेला. कोरियात तो प्रदर्शित झाला 22 सप्टेंबरला, म्हणजे मतदानाच्या जेमतेम पाच आठवडे आधी. एका चित्रपटाने पाच आठवड्यांत देशाचा कायदा बदलला, असं या घटनेबद्दल तेव्हापासून सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. ज्या गुन्ह्यांवर हा चित्रपट बेतला होता ते 2005 सालीच उजेडात आले होते. टीव्हीवर दाखवले गेले होते, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तपासले होते, त्यांतले काही न्यायालयात सिद्धही झाले होते. चित्रपटात नवं असं काही उघड झालं नाही. मग सहा वर्षं सगळं ठाऊक असून काहीच का हललं नाही, आणि पाच आठवड्यांत सगळंच कसं हललं?

एका घराण्याची शाळा

ग्वांगजू हे कोरियाच्या नैर्ऋत्येचं मोठं शहर. मे 1980 मध्ये लष्करी राजवटीविरुद्ध इथे उठाव झाला आणि सैन्याने तो रक्तात बुडवला. त्या उठावातला पहिला बळी मानला जातो तो किम ग्योंग-चोल हा कर्णबधिर तरुण. सैनिक काय विचारतायत हे त्याला ऐकू येत नव्हतं, उत्तर देता येत नव्हतं. त्यांनी त्याला मरेस्तोवर मारलं. लोकशाहीच्या लढ्यात ग्वांगजूचं नाव आजही आदराने घेतलं जातं. त्याच शहराच्या ग्वांगसान भागात इनह्वा ही मूकबधिर मुलांची शाळा होती.

शाळेची मुळं 1960 च्या दशकातली. 1950 ते 1953 च्या युद्धाने देश बेचिराख केला होता, रस्तोरस्ती अनाथ मुलं होती आणि सरकारची तिजोरी रिकामी होती. परदेशी मदतीवर, चर्चच्या देणग्यांवर खासगी माणसांनी अनाथालयं आणि अपंगांच्या शाळा उभ्या केल्या. देश सावरल्यावर सरकारने या संस्थांना अनुदान द्यायला सुरुवात केली. पगार, इमारती, मुलांचं जेवणखाण, सगळं हळूहळू सरकारी पैशातून होऊ लागलं. मालकी मात्र होती तशीच राहिली. संस्थापकाचं घर म्हणजेच संस्थेचं विश्वस्त मंडळ, आणि विश्वस्त बदलायचे तर तेही घरातल्या घरातच.

ही व्यवस्था कुठवर जाऊ शकते हे 1987 साली बुसान शहरातल्या ‘ह्योंगजे बोकजिवॉन’ या वसतिगृहाने दाखवलं होतं. भिकारी आणि बेवारस ठरवून रस्त्यावरून उचललेली हजारो माणसं तिथे कोंडलेली होती. त्यांत मुलं होती, अपंग होते. 1975 ते 1988 या काळात तिथे 657 जण मेल्याची नोंद सरकारच्या सत्यशोधन आयोगाने पुढे 2022 मध्ये केली. संस्थाचालकाला झाली अडीच वर्षांची कैद. प्रकरण निवलं आणि देशभरच्या संस्थांचा कारभार पूर्वीसारखाच चालू राहिला.

इनह्वाचंही तसंच होतं. शाळा, मुलांचं वसतिगृह आणि बाकीच्या शाखा एकाच संस्थेच्या हाती. संस्थापकाचा एक मुलगा मुख्याध्यापक, दुसरा कार्यालय प्रमुख, बाकीच्या जागांवरही नात्यातली माणसं. मुलं बहुतेक आसपासच्या खेड्यांतल्या गरीब घरांतली. काहींना कर्णबधिरतेबरोबर बौद्धिक अपंगत्वही होतं. घरी आईवडिलांना खुणांची भाषा येत नव्हती. शाळेतही अनेक शिक्षकांना ती जेमतेमच यायची, कारण ओठ वाचून बोलायला शिकवणं म्हणजेच शिक्षण, असा तिथला जुना समज. अशा मुलीवर मुख्याध्यापकाच्या खोलीत काही घडलं तर तिने ते सांगायचं कुणाला? ज्यांना तिचं बोलणं समजत होतं ती दुसरी मुलं होती, आणि त्यांच्यावरही तेच बेतत होतं.

242 दिवस

जून 2005 मध्ये संस्थेतल्याच एका कर्मचाऱ्याने अपंग स्त्रियांसाठी काम करणाऱ्या समुपदेशन केंद्राचं दार ठोठावलं. मुलांनी त्याला खुणांनी सांगितलेलं त्याने तिथे सांगितलं. मुख्याध्यापक, त्याचा भाऊ आणि शिक्षक अशी सगळी नावं त्यात होती, आणि अत्याचार पाच वर्षांपासून चालू होते. त्या कर्मचाऱ्याची नोकरी गेली.

ग्वांगजूतल्या नागरी संघटना, पालक आणि माजी विद्यार्थी यांनी मिळून कृती समिती स्थापन केली. नोव्हेंबरमध्ये एमबीसी वाहिनीच्या ‘पीडी सुचोप’ या शोधपत्रकारितेच्या नावाजलेल्या कार्यक्रमाने हे प्रकरण देशासमोर मांडलं. लोक हळहळले आणि दुसऱ्या बातम्यांकडे वळले. समितीच्या मागण्या दोनच होत्या: दोषींना शिक्षा करा आणि विश्वस्त मंडळ बरखास्त करून बाहेरची माणसं आणा. दुसरी मागणी मान्य होणं जास्त अवघड होतं. शाळा शिक्षण खात्याच्या अखत्यारीत, वसतिगृह जिल्हा प्रशासनाच्या, आणि विश्वस्त मंडळाला हात लावायला कायद्यात आधार तोकडा. मे 2006 मध्ये लोकांनी ग्वांगसानच्या जिल्हा कार्यालयासमोर तंबू ठोकले. तिथे ते 242 दिवस बसून राहिले, उन्हाळा, पावसाळा आणि बर्फातसुद्धा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने चौकशी संपवून सहा जणांविरुद्ध सरकारी वकिलांकडे तक्रार दिली आणि विश्वस्तांना हटवण्याची शिफारस केली. संस्था जागची हलली नाही. 2007 च्या वसंतात मुलांनी शाळेवर बहिष्कार टाकला. नव्या मुख्याध्यापकावर काही विद्यार्थ्यांनी अंडी आणि पीठ फेकलं, तर शाळेने त्या विद्यार्थ्यांविरुद्धच पोलिसांत तक्रार दिली. मुलांच्या तक्रारीवर दोन वर्षं ढिम्म बसलेल्या संस्थेला पोलीस ठाण्याची वाट तेवढ्यापुरती बरोबर सापडली.

तडजोड

जानेवारी 2008 मध्ये पहिल्या न्यायालयाने मुख्याध्यापकाला पाच वर्षांची कैद सुनावली. जुलैमध्ये ग्वांगजू उच्च न्यायालयाने ती अडीच वर्षांवर आणली आणि तीही तीन वर्षांसाठी स्थगित ठेवली, वर दंड 30 लाख वॉन. म्हणजे मुख्याध्यापक तुरुंगातून घरी गेला. त्याचा पहिलाच गुन्हा होता आणि पीडितेच्या घरच्यांशी तडजोड झाली होती, अशी कारणं दिली गेली. पुढच्या वर्षी तो कर्करोगाने वारला. ज्या इतरांवर आरोप होते त्यांतल्या काहींवर मुदत संपल्यामुळे खटलाच उभा राहिला नाही, काहींना थोडे महिने कैद झाली. काही शिक्षक तर पुन्हा त्याच शाळेत, त्याच मुलांसमोर शिकवायला उभे राहिले.

कायदा मोडून असं काही झालं नव्हतं. कायदाच तसा होता. तेव्हाच्या कोरियात बहुतेक लैंगिक गुन्ह्यांचा खटला पीडितेच्या फिर्यादीवर अवलंबून असायचा. फिर्याद मागे घेतली की खटला कोसळायचा. आणि उशिरा घेतली तरी शिक्षा हलकी व्हायची. फिर्याद मुलीची असली तरी कागदावर अंगठा उमटवणारे पालक होते. कुणी शेतमजूर, कुणी आजारी, कुणी स्वतःच अपंग. आरोपीकडचा माणूस पैशाचं पाकीट घेऊन खेड्यातल्या घरी पोचला की त्यांना दुसरा काय मार्ग होता? याच्या जोडीला आणखी एक अट होती. पीडित अपंग असेल तर अपंगत्वामुळे तिला ‘प्रतिकार करणं अशक्य’ होतं, हे सिद्ध करावं लागे. न्यायालयं या अटीचा अर्थ इतका अरुंद लावत की मुलीने हात झटकला होता किंवा ती पळाली होती, हेच तिच्या विरोधात जायचं.

कादंबरी

या निकालाच्या बातमीत एक वाक्य होतं. शिक्षा स्थगित झाल्याचं दुभाष्याने खुणांनी सांगताच न्यायालयात बसलेल्या कर्णबधिरांनी आक्रोश केला, एवढाच त्याचा आशय. लेखिका गोंग जी-यंग यांनी ते वाचलं. हातातलं दुसरं काम बाजूला ठेवून त्या ग्वांगजूला गेल्या आणि मुलांना, कार्यकर्त्यांना भेटल्या.

1963 साली जन्मलेल्या गोंग तोवर कोरियातल्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या लेखकांपैकी एक होत्या. फाशीच्या कैद्यावरची त्यांची कादंबरी 2005 साली आली होती आणि लगेच तिच्यावर चित्रपटही निघाला होता. ‘दोगानी’ ही नवी कादंबरी त्यांनी नोव्हेंबर 2008 पासून ‘दाउम’ या इंटरनेट पोर्टलवर क्रमशः लिहिली. जून 2009 मध्ये ती पुस्तकरूपाने आली. ग्वांगजूच्या जागी त्यांनी मुजिन नावाचं कल्पित शहर घेतलं. किम संग-ओक यांच्या 1964 सालच्या गाजलेल्या कथेमुळे कोरियन वाचक हे धुक्याचं गाव ओळखतात. धुक्यात सगळ्यांना थोडं थोडं दिसत असतं, आणि काहीच दिसलं नाही असंही म्हणता येतं. सहा वर्षांच्या ग्वांगजूसाठी याहून नेमकी जागा मिळाली नसती.

कादंबरीचा नायक कांग इन-हो वीर नाही. धंदा बुडाल्यावर बायकोच्या ओळखीने अपंगांच्या शाळेत नोकरी मिळवलेला, घर कसं चालवायचं या विवंचनेत असलेला शिक्षक. पुस्तक वाचणाऱ्यांत एक सैनिकही होता: सक्तीची लष्करी सेवा बजावत असलेला लोकप्रिय नट गोंग यू. त्याने सेवेतून सुटल्यावर निर्मात्यांकडे या कादंबरीवर चित्रपट काढायचा आग्रह धरला आणि इन-होची भूमिका स्वतः केली.

पडद्यावर

दिग्दर्शन आलं ह्वांग दोंग-ह्योक यांच्याकडे. आज जग त्यांना ‘स्क्विड गेम’साठी ओळखतं. तेव्हा त्यांच्या नावावर एकच पूर्ण लांबीचा चित्रपट होता. मूकबधिर शाळेवरचा ‘ग्लव्ह’ हा दुसऱ्या दिग्दर्शकाचा चित्रपट 2011 च्याच जानेवारीत येऊन गेला होता. चुंगजूच्या खऱ्याखुऱ्या शाळेतल्या कर्णबधिर मुलांच्या बेसबॉल संघाची ती कहाणी, मुलांची जिद्द आणि अखेरीस प्रेक्षकांच्या टाळ्या. अपंग मुलं पडद्यावर आली की ती प्रेरणा द्यायला येतात, ही प्रेक्षकांची सवय. ‘दोगानी’ने त्यांच्यासमोर प्रेरणा ठेवली नाही, फिर्याद ठेवली.

ह्वांग यांनी केलेले बदल विचारपूर्वक होते. प्रत्यक्षातले दोन भाऊ चित्रपटात जुळे झाले. जांग ग्वांग या एकाच नटाने दोघेही केले, आणि त्यामुळे न्यायालयात ‘नेमका कोण?’ हा प्रश्न मुलीला विचारता आला. इन-हो नोकरी पक्की राहावी म्हणून मुख्याध्यापकासाठी कुंडी भेट घेऊन कार्यालयात जातो. तिथे एक शिक्षक मिन-सू या मुलाला अमानुष मारतोय. थोडा वेळ इन-हो नुसता उभा राहतो. मग तीच कुंडी त्या शिक्षकाच्या डोक्यात घालतो. चित्रपटाचं सगळं वजन त्या उभं राहण्यात आहे. प्रेक्षकाला तिथे स्वतःचीच सहा वर्षं दिसतात.

दुसरं बळ न्यायालयातल्या प्रसंगांचं. शिक्षण खातं म्हणतं आमचं काम नाही, नगरपालिका म्हणते आमचं नाही. आरोपींचा वकील कालपर्यंत न्यायाधीश होता आणि न्यायासनावरची माणसं त्याचा आब राखतात. यॉन-दू या मुलीला गाणं ऐकू आलंच कसं, असा प्रश्न निघतो तेव्हा तिची तपासणी न्यायालयातच होते. ती थोडंसं ऐकू शकते आणि गाणं लागलं की हात वर करते. अखेर मिन-सूच्या म्हाताऱ्या आजीने तडजोडीच्या कागदावर सही केल्याचं कळतं. मी माफ केलं नाही, मग माझ्या वतीने कुणी माफ केलं, असं तो खुणांनी विचारतो. फिर्यादीच्या कायद्यावर इतकी थेट टीका कोणत्याही विधिज्ञाने केली नव्हती. एका मुलाने ती शब्दांशिवाय केली.

चित्रपटावर आक्षेपही आले. काल्पनिक प्रसंग खरे समजले जातील, असं काहींना वाटलं. मिन-सूचा मृत्यू हा त्यांतलाच. प्रत्यक्षात तसं घडलं नव्हतं. अत्याचाराचे प्रसंग बालकलाकारांकडून करून घेणं योग्य होतं का, हा प्रश्न जास्त गंभीर होता. मुलांच्या रक्षणाची कहाणी सांगताना सेटवरच्या मुलांना काय सोसावं लागलं, याचं उत्तर चित्रपट देऊ शकत नाही.

46 लाखांहून अधिक लोकांनी तिकीट काढून हा चित्रपट पाहिला. कोरियाची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास होती. कादंबरी पुन्हा विक्रीच्या यादीत अव्वल आली. इंटरनेटवर फेरतपासाच्या मागणीसाठी सह्यांचा पूर आला. आठवड्याभरात राष्ट्रीय पोलिसांनी खास पथक ग्वांगजूला पाठवलं. त्या पथकाला गुन्हेगार शोधावे लागले नाहीत; नावं 2005 पासून कागदावर होती.

हिशोब

यानंतर एकेक दरवाजा उघडला. ऑक्टोबरात ‘दोगानी कायदा’ झाला. अपंग व्यक्तीवरच्या बलात्कारासाठी वेगळी, कडक कलमं आली आणि ‘प्रतिकार अशक्य’ असल्याच्या अटीवरचं अवलंबन कमी झालं. नोव्हेंबरमध्ये इनह्वा चालवणाऱ्या संस्थेचा परवाना रद्द झाला आणि फेब्रुवारी 2012 अखेर शाळा बंद झाली. डिसेंबर 2011 मध्ये संसदेने समाजकल्याण संस्थांचा कायदा बदलला. विश्वस्तांपैकी किमान एक तृतीयांश बाहेरून सुचवलेले असले पाहिजेत, असं ठरलं. हीच दुरुस्ती 2007 सालीही मांडली गेली होती. तेव्हा विरोधी पक्ष आणि धार्मिक संस्था यांनी ती हाणून पाडली होती. ग्वांगजूच्या तंबूत बसलेल्यांनी जे मागितलं होतं तेच, त्यांचा तंबू उठल्यावर पाच वर्षांनी, संसदेने दिलं.

जुलै 2012 मध्ये माजी कार्यालय प्रमुखाला 2005 सालच्या एका बलात्कारासाठी 12 वर्षांची शिक्षा झाली. सरकारी पक्षाने मागितलेल्या शिक्षेपेक्षाही ती जास्त होती. अपिलात ती आठ वर्षांवर आली आणि एप्रिल 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम केली. जून 2013 पासून लैंगिक गुन्ह्यांसाठी पीडितेच्या फिर्यादीची अट संपली, आणि तडजोडीच्या पाकिटाने खटला संपवायची सोयही संपली. 2016 साली कोरियन खुणांच्या भाषेला कायद्याने अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. चित्रपटसृष्टीनेही हा विषय सोडला नाही. ‘सोवॉन’ (2013) आणि ‘मिस बेक’ (2018) या चित्रपटांनी अत्याचाराच्या धक्क्यापेक्षा त्यातून वाचलेल्या मुलाची नंतरची वर्षं अधिक जवळून दाखवली.

‘दोगानी’चं श्रेय मोठं आहे, पण त्याचं मोजमाप नीट झालं पाहिजे. गुन्हा एका कर्मचाऱ्याने नोकरी गमावून उघड केला. पुरावा मुलांनी पुन्हा पुन्हा साक्ष देऊन उभा केला. कायद्यात काय बदल हवा हे तंबूत बसलेल्या लोकांनी लिहून ठेवलं होतं. चित्रपटाने 46 लाख लोकांना एका अंधाऱ्या खोलीत दोन तास बसवलं आणि नजर वळवण्याची सोय काढून घेतली. हे काम कार्यकर्त्यांना साधत नाही आणि कलेला साधतं. पण कार्यकर्त्यांनी आधी सगळी तयारी करून ठेवलेली नसती तर त्या 46 लाखांचा संताप कुठे जाऊन थांबला असता, हे सांगणं कठीण नाही. महिन्याभरात विरला असता.

एक गोष्ट मात्र चित्रपटालाही साधली नाही. पीडितांनी सरकारविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा लावला. पोलीस, शिक्षण खातं, जिल्हा प्रशासन यांनी 2005 साली आपलं कर्तव्य केलं असतं तर आम्हाला हे भोगावं लागलं नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयांनी तो दावा फेटाळला. एक कारण असं दिलं की दावा लावायची मुदत संपून गेली होती. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पीडितांना दाद दिली नाही. ज्यांच्या दुःखावरून देशाने बलात्काराच्या गुन्ह्याची कालमर्यादा रद्द केली, त्याच मुलांना न्यायालयांनी सांगितलं की तुम्ही उशिरा आलात.